एमजीबीचे लिव्हर शॉकअप : उघडून बनवावेत की टेलिस्कोपिक लावून मोकळं व्हावं?

उघडं_टप

मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय. आज स्वतःचं दुखणं घेऊन आलोय.

गाडी १९६७ ची एमजीबी, ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची. मोठ्या मामांची. त्यांनी ती सत्तरच्या दशकात एसटीसीच्या लिलावात घेतली, कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबाची होती. (स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन. मागे एकाने विचारलं होतं की एसटी महामंडळ एमजी कधीपासून विकायला लागलं.) मामा गेल्यावर मामीने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "विकलीस तर मला सांगू नकोस." त्यामुळे तो विषय संपला.

तक्रारी अशा. स्पीडब्रेकर ओलांडला की नाक तीन-चार वेळा नमस्कार घालतं. पेव्हर ब्लॉकवर हळू चालवताना पुढच्या डाव्या चाकाकडून टक् टक् आवाज येतो. आणि तिसरी, जी सगळ्यात महाग पडतेय : दादरला आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये नुकत्याच टाइल्स बसवल्यात. त्यावर बरोबर त्याच चाकामागे तेलाचा डाग. सेक्रेटरींनी डागाचा फोटो ग्रुपवर टाकला, मापाला शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून.

गेल्या महिन्यात उपनगरातल्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी डाव्या शॉकअपमध्ये तेल भरलं, आठशे रुपये घेतले. तेव्हापासून डावी बाजू दगड आणि उजवी बाजू पाव. परत गेलो तर म्हणाले, "साहेब, हा माल आता येत नाही. सगळं काढून फेकू, टेलिस्कोपिक लावू, ब्रॅकेट आम्हीच वेल्ड करू."

(टेलिस्कोपिक म्हणजे मोटरसायकलला असतात तसे नळीचे, आत-बाहेर सरकणारे शॉकअप.) वेल्ड हा शब्द ऐकला आणि गाडी घेऊन घरी आलो. काय करू?

कमानपाटा

तेल कोणतं भरलं ते विचारलंत का? ते आधी सांगा, मग पुढचं बोलू.

उघडं_टप

आत्ताच फोन केला. "नव्वद नंबर."

कमानपाटा

देवा रे. नव्वद नंबर म्हणजे गिअर ऑइल, ते डिफरन्शियलमध्ये घालतात. डावी बाजू दगड होणारच. ते आधी काढा, आतल्या व्हॉल्व्हची भोकं सुईच्या टोकाएवढी असतात.

दुसरं, कुणी शॉकअप बदलायला सांगितलं की स्वतःला विचारा : गाडी खाली बसलीय की नाचतेय? शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. एका बाजूला कललेली गाडी हा स्प्रिंगचा किंवा पाट्याचा दोष. शॉकअपचं काम फक्त स्प्रिंगचं नाचणं मोडायचं, आणि ते मोडताना तो तापतो. खराब रस्त्यावर पंधरा मिनिटं चालवा, थांबून चारही शॉकअपच्या अंगाला हात लावा. कोमट तो जिवंत. थंडगार तो गेला.

निव्वळ_वाचक

पाच रुपयांचं नाणं जुनं जाडं की नवं पातळ? डागाचा व्यास काढायचा होता. ह. घ्या.

सविता_पार्ले

ज्यांनी लिव्हर शॉकअप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते, नाहीतर पुढची चर्चा डोक्यावरून जाईल.

बँकेच्या काचेच्या दारावर जो डोअर क्लोजर असतो तो आठवा. एक ओतीव डबा, त्यातून बाहेर आलेला एक दांडा. दार हललं की दांडा हलतो, डब्यात पिस्टन सरकतो, तेल बारीक वाटेने ढकललं जातं, म्हणून दार आपटत नाही. त्या क्लोजरमधून तेल गळायला लागलं की दार धाडकन आपटतं, आणि मग कॅशियर दाराखाली पुठ्ठ्याची घडी अडकवतो. लिव्हर शॉकअप हा जवळपास तोच प्रकार, फक्त आत स्प्रिंग नसते. डब्यात शेजारी-शेजारी दोन सिलिंडर आणि दोन पिस्टन. दांडा खाली-वर झाला की मधला शाफ्ट फिरतो, एक पिस्टन दाबतो, दुसरा उठतो, आणि तेल व्हॉल्व्हमधून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं. दांडा हळू हलत असेल तर बारीक भोकातून. खड्ड्यात चाक आदळलं की तेलाचा दाब व्हॉल्व्हची स्प्रिंग ढकलून मोठी वाट उघडतो. चाक वर जाताना किती अडवायचं आणि खाली येताना किती, हे त्या व्हॉल्व्हने ठरतं.

एमजीबीवरचे आर्मस्ट्राँगचे, यॉर्कशरमधल्या कंपनीचे. गाडी १९६२ ते १९८० निघाली आणि शेवटपर्यंत हेच शॉकअप राहिले. बाकी जग तोवर कधीच टेलिस्कोपिकवर गेलं होतं.

आता मुद्द्याचं. एमजीबीच्या पुढच्या बाजूला हा डबा नुसता शॉकअप नाही. त्याचा दुहेरी दांडा हाच सस्पेन्शनचा वरचा आर्म आहे. किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खुंटीवर वळतं तिचं, वरचं टोक त्या दांड्याला धरून उभं असतं. म्हणजे शॉकअपचा शाफ्ट डब्यात खुळखुळायला लागला की गाडी तर नाचतेच, पण चाकही वरून सैल होतं. अलाइनमेंटवाला कितीही पैसे घेऊ दे, कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, जागेवर राहणार नाही.

टर्बो_ठाणे

सविताताईंनी छान समजावलं, पण निष्कर्ष माझा उलटा. साठ वर्षांपूर्वीची रचना, त्या काळीही जुनाट म्हणत. आपल्याकडे टेलिस्कोपिक शॉकअप बनवण्याचा अनुभव काय कमी आहे? गॅब्रिएल १९६१ सालीच मुंबईत सुरू झाली. परदेशात एमजीबीसाठी तयार किट मिळतात, बोल्टने बसणारे, वेल्डिंग लागत नाही. गाडी चालवायची आहे की देव्हाऱ्यात ठेवायची आहे? माझ्या मित्राच्या एमजीबीला मागे टेलिस्कोपिक आहेत, पाच वर्षं हात लावला नाही.

सविता_पार्ले

मागे लावायला माझी फारशी हरकत नाही. मागचा लिव्हर शॉकअप नुसता शॉकअपच असतो. डबा बॉडीला दोन बोल्टने, दांड्यापासून एक लिंक खाली ॲक्सलला. तो काढून दुसरा लावला तर चाक कुठे पळत नाही.

पुढचे किट मात्र नीट पाहा. बहुतेकांत जुना लिव्हर शॉकअप काढतच नाहीत. व्हॉल्व्ह काढून डबा तसाच ठेवतात, कारण वरचा आर्म तोच आहे, आणि शेजारी टेलिस्कोपिक जोडतात. मग झालं काय? शाफ्ट ढिला होता तो ढिलाच राहिला, टक् टक् आवाज राहिला, आणि डाग पडत होता तो पडतच राहणार. नवा शॉकअप लावूनही मूळ दुखणं जिथल्या तिथे.

टर्बो_ठाणे

हे माहीत नव्हतं. पुढच्यापुरता शब्द मागे. मागच्यापुरता नाही. :)

जुना_मोरिस

माझ्याकडे १९५४ ची मॉरिस मायनर आहे, पुढे तोच प्रकार, दांडा हाच वरचा आर्म. फरक इतकाच की मायनरला टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा लोखंडी दांडा) आहे, एमजीबीला कॉइल स्प्रिंग. २०११ साली मी परदेशातून बनवलेली जोडी मागवायचा विचार केला होता. तिकडे अदलाबदलीची पद्धत आहे. ते बनवलेला पाठवतात, आपण आपला जुना परत पाठवायचा, तोवर अनामत त्यांच्याकडे. एकेक डबा ओतीव, वजनदार, जायचं कुरिअर, यायचं कुरिअर, वर कस्टम. हिशोब केला आणि चहा पिऊन खेतवाडीत लेथवाल्याकडे गेलो. चौदा वर्षं झाली, एक थेंब नाही. बाईसाहेब फक्त गणपतीला आणि दसऱ्याला बाहेर निघतात, हेही सांगायला हवं.

नऊसोळा

धागाकर्ते, शॉकअप काढायला जाण्याआधी माझी ही पोस्ट दोनदा वाचा.

माझी १९५२ ची एमजी टीडी. पुढची रचना तुमच्यासारखीच, कॉइल स्प्रिंग, वरचा आर्म म्हणजे शॉकअप. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली होती. पोरगं कामाला नवीन होतं. त्याने गाडी बॉडीखाली जॅक लावून उचलली, चाक काढलं, आणि वरचा शॉकअप खोलायला घेतला. आता विचार करा, त्या वेळी स्प्रिंग कशाने अडलेली असते? खालून लोअर आर्मने आणि वरून त्याच शॉकअपच्या दांड्याने. चाक मोकळं लटकतंय, खाली आधार नाही. वरची पिन निघाली तशी स्प्रिंग सुटली, गॅरेज ओलांडून समोरच्या पत्र्याच्या कपाटात घुसली. कपाटाच्या दारावर आजही खळगा आहे. त्या पोराचं डोकं अर्धा फूट बाजूला होतं. नशीब.

म्हणून पद्धत अशी. गाडी उचलून बॉडीखाली घोड्या लावा. मग दुसरा जॅक स्प्रिंगच्या खालच्या थाळीखाली घ्या आणि दांडा रबरी बफरवरून जरासा उचलेपर्यंत वर करा. मगच वरच्या ट्रनियनची, म्हणजे किंगपिन दांड्याला जोडणाऱ्या तुकड्याची, पिन काढा. हब तारेने बांधून ठेवा, नाहीतर तो बाहेर कलंडतो आणि ब्रेकची नळी ताणते. मग शॉकअपचे चार बोल्ट. काम चालू असेपर्यंत खालचा जॅक हलवायचा नाही. चहाला जाताना तर मुळीच नाही, कारण आपण चहाला गेलो की कुणाला तरी जॅक लागतो.

आणि हो, गाडी इंची आहे. माझं नाव बघा. नऊ-सोळाच्या बोल्टला १४ चा पाना जात नाही, १५ चा जातो पण ढिला, आणि डोकं गोल करतो. मिलिमीटरचा सेट घरीच ठेवा.

निव्वळ_वाचक

नावाचा उलगडा झाला. मी आजवर जन्मतारीख समजत होतो.

उघडं_टप

सर्वांचे आभार. नऊसोळा, तुमची पोस्ट प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला चिकटवली. गॅरेज म्हणजे भावजींचा माटुंग्यातला गाळा, पावसाळ्यापुरता मागून घेतलाय. ताडपत्री, दोन ट्यूबलाइट, एक टेबलफॅन.

मधल्या काळात एक प्रश्न. गाडीची जुन्या वाहनांच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हीए मालिकेत नोंदणी करायची आहे. टेलिस्कोपिक लावले तर अडचण येईल का?

कमानपाटा

तो नियम ५० वर्षांवरच्या गाड्यांना. चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा बदल नको अशी अट आहे. बोल्टने लावलेल्या शॉकअपवर कुणी अडवेल असं वाटत नाही. पण एमजीबीला वेगळी चासी नाही, मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी हीच चासी. तुमचा तो गॅरेजवाला ब्रॅकेट वेल्ड करणार होता ते थेट बॉडीलाच. पळून आलात ते बरं केलंत. आणि व्हीए प्लेट लागली की गाडी रॅली-प्रदर्शनाची, रोज ऑफिसला न्यायची नाही, हेही लक्षात असू द्या.

उघडं_टप

अपडेट. चारही शॉकअप काढून टेबलावर आहेत.

शनिवार-रविवार भाचा आणि मी. चारही डबे आधी डिझेलने धुतले. मातीचा थर इतका की उजव्या पुढच्याचं भरायचं बूच कुठे आहे तेच दिसेना.

मग कुणीतरी मागे एका धाग्यात लिहिलं होतं तसं केलं. डबा व्हाइसमध्ये उभा धरला, तोंडाला ॲल्युमिनियमची पट्टी लावून, आणि दांडा हाताने पूर्ण वर, पूर्ण खाली. निकाल असा :

पुढचा उजवा. पहिल्या अर्ध्या इंचात रिकामा, मग एकसारखा जोर. तेल कमी होतं, एवढंच. फोर्क ऑइल (मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचं तेल) भरलं, दहा-बारा वेळा हलवलं, बुडबुडे गेले, आता संपूर्ण फेरीत सारखा लागतो. शाफ्ट घट्ट. याला काहीच झालेलं नाही! गॅरेजवाला हा पण फेकणार होता.

पुढचा डावा. नव्वद नंबर बाहेर काढलं तेव्हा ते मधासारखं धार धरून पडत होतं. साफ करून पातळ तेल भरलं तर दांडा ठीक चालतो, पण शाफ्ट खाली-वर खुळखुळतो आणि प्रत्येक हिसक्याला शाफ्टच्या कडेने तेलाची रेघ. डागाचा धनी सापडला.

मागचा डावा. बरा.

मागचा उजवा. पूर्ण मेलेला. दांडा जुन्या लाकडी खिडकीच्या खिटीसारखा इकडून तिकडे. आत तेल नव्हतं, काळा चिखल होता, आणि त्याला येणारा वास मी अजून विसरलेलो नाही. भाचा बाहेर जाऊन उभा राहिला.

एक शंका राहिली. पुढचा डावा ढिला आहे खरा, पण टक् टक् आवाज त्याचाच की आणखी कशाचा?

सविता_पार्ले

ट्रनियनचे रबरी बुश बघितलेत का? किंगपिनचं वरचं टोक दोन दांड्यांच्या मध्ये जिथे बसतं तिथले. ते झिजले की हळू चालताना असाच आवाज येतो, आणि दोष शॉकअपच्या माथी जातो.

उघडं_टप

बघितले. बुश कसले, चुरा. एका बाजूला रबरच नाही, लोखंडावर लोखंड. ताई, तुम्ही फोनवरून नाडी बघता का?

सविता_पार्ले

नाही हो. माझ्या नवऱ्याने याच आवाजासाठी एकदा नवे शॉकअप घेतले होते. आवाज तसाच राहिला. तेव्हापासून आमच्या घरी ट्रनियन हा शब्द जेवताना काढत नाहीत.

टर्बो_ठाणे

मागचा मेलेला तरी टेलिस्कोपिक करा ना. एक माझ्या बाजूला द्या.

कमानपाटा

एकाच ॲक्सलला एक बाजू लिव्हर, दुसरी टेलिस्कोपिक? करायचं तर दोन्ही. आणि मागचा डावा बरा आहे म्हणतायत, त्याला कशाला घरी बसवायचं?

उघडं_टप

नाही टर्बोभाऊ, ठरलं. डावा पुढचा आणि उजवा मागचा बनवायचे. गिऱ्हाईक लेथवाल्याकडे निघालंय. जुना_मोरिस, खेतवाडीचा पत्ता निरोपात पाठवा.

जुना_मोरिस

पाठवला. काका सत्तरीच्या पुढे आहेत, कानाने कमी ऐकतात. उभं आयुष्य पद्मिनी टॅक्सींवर गेलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या तेव्हा आठवडाभर दुकान उघडलं नव्हतं म्हणे. जोरात बोला, पण घाई करू नका.

उघडं_टप

अपडेट दोन. खेतवाडी.

हे सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःला पुन्हा वाचायचं आहे.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. लेथ इतका जुना की त्याच्या हँडलचा रंग हातांनीच गेलाय. काकांनी डबा घेतला, माझं काहीही न ऐकता, खरोखरच न ऐकता, दांडा दोनदा हलवला आणि शाफ्टवरून अंगठ्याचं नख ओढलं. नख एका जागी अडकलं. त्यांनी माझं बोट धरून तिथेच ठेवलं. डोळ्यांना शाफ्ट चकचकीत दिसत होता. बोटाला तिथे पायरी लागली. सील जिथे घासतं तिथे शाफ्टला चर पडला होता. "सील किती पण बदल," काका म्हणाले, "याच्यावर टिकणार नाय."

मग झाकणाचे स्क्रू काढले. आत दोन पिस्टन, त्यांच्या लिंका, सगळं काळं पण धड. काका म्हणाले सिलिंडरला हात लावायची गरज नाही. खराब झालंय ते फक्त शाफ्ट आणि तो फिरतो ती भोकं. भोकांत त्यांनी माप टाकलं. गोल राहिलेली नव्हती, अंड्यासारखी झाली होती.

काम असं ठरलं. दांडा प्रेसवर उतरवायचा, पण त्याआधी शाफ्टवर आणि दांड्यावर छिन्नीने एकच खूण. खूण चुकली आणि दांडा दोन दाते पुढे बसला तर सस्पेन्शन पूर्ण दाबायच्या आत पिस्टन तळाला आपटेल. काकांनी खूण केल्यावर खडूनेही लिहिलं, कशाला ते विचारलं तर म्हणाले, "छिन्नीची खूण प्लेटिंगला गेल्यावर बुजते."

शाफ्टला हार्ड क्रोम, अंधेरी एमआयडीसीत. तिथून परत आला की ग्राइंडिंग. डब्याची दोन्ही भोकं एकाच सेटिंगमध्ये बोअर करून त्यात गनमेटलचे बुश. एकाच सेटिंगमध्ये हे महत्त्वाचं, दोन भोकं वेगवेगळी धरून केली आणि केसभर वाकडी झाली तर शाफ्ट आवळतो. बुशच्या बाहेरच्या बाजूला लिप असलेलं ऑइल सील बसेल एवढी जागा काढायची. मूळच्या रचनेत तिथे जे काही होतं त्यापेक्षा हे बरं.

सील नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात. शाफ्टचा व्यास, भोकाचा व्यास, जाडी, ही तीन मापं कागदावर घेऊन गेलो. "गाडी कोणती?" म्हणून त्याने विचारलं. मी सांगितल्यावर तो म्हणाला, "गाडीचं नाव नको, माप सांगा." माप सांगितलं, दुसऱ्या मिनिटाला सील काउंटरवर. नायट्राइलचं (तेलाला टिकणारं रबर), चारही मिळून दोनशे ऐंशी रुपये.

नऊसोळा

"गाडीचं नाव नको, माप सांगा." ही ओळ फ्रेम करून आपल्या या विभागाच्या वर लावा. जुन्या गाडीचे निम्मे पार्ट 'मिळत नाहीत' ते नावाने मागितले म्हणून मिळत नाहीत.

निव्वळ_वाचक

फोटो दिसत नाहीयेत.

उघडं_टप

काकांनी काढू दिले नाहीत. "काम झाल्यावर काढ."

सह्याद्रीमित्र

धागा उशिरा पाहिला. तेलाबद्दल नीट कुणीच लिहिलं नाही. माझ्याकडे एमजी नाही, जुनी बुलेट आहे. फोर्क ऑइल कितीचं घातलंत? ब्रेक ऑइल चालतं असं एका मेकॅनिकने सांगितलेलं आठवतं.

सविता_पार्ले

ब्रेक ऑइल अजिबात नाही. ते खनिज तेलच नाही, नायट्राइलच्या सीलला फुगवतं, आणि पातळ इतकं की शॉकअप असून नसल्यासारखा. इंजिन ऑइल, गिअर ऑइलही नाही. मोटरसायकलचं २० ग्रेडचं फोर्क ऑइल बहुतेक एमजीवाले वापरतात, तुमच्या बुलेटमुळे ते कुठल्याही दुकानात मिळतं. जास्त घट्ट घालून मेलेला शॉकअप जिवंत होत नाही, आणि धागाकर्त्यांच्या गॅरेजवाल्याने तेच केलं. मऊ वाटतो म्हणून घट्ट तेल घातलं की हळू चालताना गाडी ताठरते आणि गळती तशीच राहते.

भरताना घाई नको. डबा गाडीवर असतो तसाच उभा धरायचा, थोडं भरायचं, दांडा हळूहळू पूर्ण फिरवायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, परत भरायचं. आडवा धरून भरलात तर हवा आत अडकते आणि दांड्यात तो रिकामा अर्धा इंच राहतो. काठोकाठही भरायचं नाही, तेल तापलं की फुगतं, त्याला जागा लागते.

टर्बो_ठाणे

ताई, एक प्रामाणिक प्रश्न. हे सगळं करून खर्च किती झाला? लेथ, क्रोम, प्रेस, टॅक्सी. टेलिस्कोपिकच्या जवळपास गेलाच असेल.

उघडं_टप

हिशोब मीच देतो. दोन डब्यांचं लेथकाम आणि बुश ५,२००. क्रोम आणि ग्राइंडिंग १,९००. सील २८०. ट्रनियनचे बुश बाहेरून मागवले, त्याचे वेगळे. फोर्क ऑइल, डिझेल, गॅस्केटचा कागद किरकोळ. टॅक्सी विचारू नका, अंधेरीला तीन फेऱ्या झाल्या, पहिल्या वेळी प्लेटिंगवाल्याने शाफ्ट दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिला होता. त्या गृहस्थाच्या हायड्रॉलिक जॅकचा दांडा घेऊन मी खेतवाडीपर्यंत पोचलो होतो! काकांनी हातात घेतला, नख ओढलं, आणि परत दिला. "हा तुझा नाय."

कमानपाटा

या काकांचं नख विमा काढून ठेवण्यासारखं आहे.

उघडं_टप

अपडेट तीन. गाडी जमिनीवर.

गणपती झाल्यावर दुसऱ्या रविवारी जोडली. स्प्रिंगच्या थाळीखालचा जॅक भाच्याने सकाळपासून एकदाही सोडला नाही, नऊसोळा यांची प्रिंट समोरच होती. ट्रनियनची पिन एका जागी अर्धा तास जाईना, शेवटी कळलं की नवा रबरी बुश उलटा बसवलाय. बोल्ट पूर्ण आवळले ते गाडी चाकांवर उतरल्यावर. रबरी बुश लटकत्या स्थितीत आवळले तर ते पिळलेलेच राहतात आणि महिन्याभरात पुन्हा चुरा.

पहाटे साडेपाचला दादरहून वरळी, हाजी अली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह. वरळीच्या सी-फेसजवळचा तो एक स्पीडब्रेकर, जिथे पूर्वी नाक तीन-चार नमस्कार घालायचं. या वेळी वर गेलं, खाली आलं, थांबलं. एवढंच. भाच्याने मागे वळून स्पीडब्रेकर गेला का ते पाहिलं. पेव्हर ब्लॉकवर आवाज नाही. वळणावर मागची उजवी बाजू पूर्वी उशिरा बसायची, मी ती सवयीने सांभाळून घ्यायचो. आता तसं सांभाळायला गेलो तर स्टिअरिंग जास्त वळलं. वीस वर्षं एका मेलेल्या शॉकअपला धरून चालवत होतो, हाताला नव्याने शिकवावं लागतंय.

अर्थात सगळं गुळगुळीत नाही. वेग वाढवला की मागे अजून एक बारीक थरथर आहे. टायर पाहिले तर कडेला लाटांसारखी झीज, वर-खाली वर-खाली. नाचणाऱ्या चाकाने टायर असाच खाल्ला. ते आता टायर बदलल्याशिवाय जाणार नाही.

परत येऊन चार शॉकअपना हात लावला. चारही कोमट.

टर्बो_ठाणे

अभिनंदन. टायर तरी नवीन घ्याल ना, की तेही काकांकडून?

जुना_मोरिस

काकांना सांगतो. खूश होतील, पण दाखवणार नाहीत.

सह्याद्रीमित्र

आणि सोसायटीच्या टाइल्स?

उघडं_टप

गाडीखाली मिठाईच्या बॉक्सचा पांढरा पुठ्ठा उलटा घालून ठेवलाय. डाव्या पुढच्या चाकामागे आठ दिवस कोरडा. मध्यभागी एक थेंब आहे, गिअरबॉक्सखाली. नाण्यापेक्षा लहान. सेक्रेटरींना अजून दिसलेला नाही.

गिअरबॉक्सच्या मागच्या सीलचं माप कुणाकडे आहे का? नाव नको, माप.